सुईण, नर्सबाई, आशाताई : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरोग्यसेविकांचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेवेचा विस्तार झाला तो मुख्यतः बायकांच्या पायांवर. आधी गावची सुईण होती, मग दवाखान्यातली आणि उपकेंद्रातली नर्सबाई आली, आणि गेल्या दोन दशकांत आशाताई. तिघींचे शिक्षण वेगळे, मोबदला वेगळा आणि गावातला मानही वेगळा. एक अडचण मात्र तिघींच्या वाट्याला सारखीच आली. दुसऱ्याच्या घरातले आजारपण आणि बाळंतपण सांभाळताना स्वतःचे घर, शेती, मुले आणि स्वतःची प्रकृती सांभाळायची कशी, याचे उत्तर प्रत्येकीला बहुतांशी एकटीनेच शोधावे लागले. जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा इतिहास साथी, दवाखाने आणि योजना यांच्या क्रमाने सांगण्याची पद्धत आहे. पण ही सेवा ज्यांनी घरोघर पोचवली त्यांच्या जगण्याचा इतिहास त्याहून कमी महत्त्वाचा नाही.

या कामाचे स्वरूप आधी भूगोलाने ठरवले. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहेत. सावित्री, वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या खाड्यांनी या पट्टीचे तुकडे पाडले आहेत. पूल होण्याआधी समोर दिसणाऱ्या गावी जायला तरीची वाट पाहावी लागे, नाहीतर कित्येक मैलांचा वळसा पडे. गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्तीही नव्हे. सड्यावर म्हणजे कातळी पठारावर, उतारावर, ओढ्याच्या काठाला विखुरलेल्या वाड्या मिळून एक गाव होते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात या वाड्यांना जोडणारा दुवा म्हणजे बऱ्याचदा एखादा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. रोग्याला दवाखान्यात नेण्यापेक्षा सेवा देणाऱ्या बाईने रोग्याच्या घरी जाणे इथे सोपे ठरले, आणि ती चाल अजूनही पूर्ण मोडलेली नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरकाम यांसाठी पुरुष बाहेर पडले आणि चाकरमानी हा कोकणातल्या कुटुंबाचा आधार झाला. गावी राहिलेल्या बायकांनी भातशेती, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती घटलेली होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२ होत्या. आरोग्याचे काम करणारी बाई याच घरांतली. कामावरून परतल्यावर तिच्यापुढे आणखी एक पूर्ण दिवसाचे काम उभे असे.

सुईणीच्या कामाला वेळापत्रक नव्हते. अवघडलेल्या बाईला कळा लागल्या की रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस येई आणि सुईण इरले किंवा घोंगडी डोक्यावर घेऊन निघे. बाळंतपण घराच्या मागच्या, अंधाऱ्या, बंद खोलीत होई. सुईण पोट चोळून बाळाची ठेवण ओळखे, बाळंतिणीला धीर देई, नाळ कापे, वार पडेपर्यंत थांबे. तिचे काम तिथे संपत नसे. पुढचे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, कडकडीत पाण्याने न्हाऊ घालणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, ओवा-बाळंतशेपांची धुरी देणे हे सगळे तिच्याकडेच असे. पाचवीच्या पूजेला तिचा मान असे. मोबदला म्हणून लुगडे, खण, नारळ, तांदूळ आणि घरच्या ऐपतीप्रमाणे काही पैसे मिळत.

या कामातले कसब खरे होते आणि त्यातला धोकाही खरा होता. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होई. आडवे मूल किंवा न थांबणारा रक्तस्राव यांपुढे सुईणीचा इलाज चालत नसे. त्यातच बाळंतपणाचा विटाळ मानला जाई. जिच्या हाताशिवाय मूल जगात येत नसे, तिला तो हात लावल्याबद्दल बाजूला राहावे लागे. अनेक गावांत हे काम समाजाच्या खालच्या थरात ढकललेल्या जातींतल्या, नाहीतर वयस्क आणि विधवा बायकांकडे असण्याचे एक कारण हेच. सुईण आजारी पडली तर तिच्या जागी कोण, याची व्यवस्था नव्हती. तिची लेक किंवा सून तिच्याबरोबर जाऊन हळूहळू शिकत असे, तेवढीच काय ती सोय.

ब्रिटिश काळात दवाखाने आले ते बंदरांच्या आणि कचेऱ्यांच्या गावी. रत्नागिरीत सरकारी रुग्णालय होते, दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीने उभे राहिलेले कुष्ठरुग्णालय होते, आणि १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे आणि नागपूर यांच्याबरोबर ते आज राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. दक्षिणेला, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय होते. डॉ. रॉबर्ट गोहीन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. घाटमाथ्यावर डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला सुरू केलेल्या रुग्णालयाकडेही कोकणातले रोगी घाट चढून जात. वाडीतल्या बाळंतिणीच्या आयुष्यात मात्र या सगळ्याने फारसा फरक पडला नाही. परक्या पुरुष डॉक्टरपुढे ती जाणार नव्हती, आणि ती कळा देत असताना डॉक्टर तिच्यापर्यंत पोचणार नव्हता.

ही उणीव भरून काढायची तर शिकलेल्या बायका हव्यात, हे सरकारलाही उमगले होते. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी सुरू झाला. पण पैसा आणि इमारती मिळाल्या तरी शिकायला येणार कोण, हा प्रश्न राहिलाच. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, वसतिगृहात राहायचे, हे नांदत्या घरच्या बाईला त्या काळी जमणारे नव्हते.

उत्तर मिळाले ते विधवांकडून, आणि या उत्तराशी रत्नागिरी जिल्ह्याचा फार जवळचा संबंध आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले या दोघी देवरुखच्या, आणि दोघींनाही लहान वयात वैधव्य आलेले. बाया या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पार्वतीबाईंनी आश्रमासाठी वर्गणी गोळा करत देश पालथा घातला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले. ससून रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्या बायकांना सेवासदनाने आधार दिला आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. घराबाहेर पडलेल्या बाईला निर्धोक जागा, शिक्षण आणि पोटापुरती कमाई या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्याशिवाय हे काम उभे राहत नाही, हे या संस्थांनी ओळखले होते. तो त्यांचा मोठेपणा.

याला एक दुसरी बाजू आहे आणि तिचा परिणाम फार लांबवर पोचला. नर्सिंगच्या पहिल्या पिढ्यांत विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित बायकांचा भरणा असल्यामुळे, नर्सला स्वतःचा संसार नसतोच असे गृहीत धरून नोकरीचे नियम घडले. कामाचे तास, वसतिगृहाची शिस्त, बदल्या, रात्रपाळ्या या सगळ्यांत घरी कोणी वाट पाहत नसलेली बाईच नजरेसमोर होती. सेवा म्हणजे सर्वस्वाचा त्याग ही कल्पनाही त्याच काळात घट्ट झाली. पुढे संसार असलेल्या बायका याच नोकरीत आल्या तेव्हा नियम बदलले नाहीत. नर्सबाईच्या आयुष्यातली ओढाताण या जुन्या गृहीतातून आलेली आहे. ती कुणा एकीच्या अंगच्या कमतरतेतून आलेली नाही.

या पार्श्वभूमीवर देवरुखच्या इंदिराबाई हळबे यांचे काम पाहिले की त्याचे मोल कळते. तरुणपणी वैधव्य आलेल्या इंदिराबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९५४ मध्ये देवरुखात दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. देवरुख ज्या संगमेश्वर तालुक्यात आहे तो सह्याद्रीच्या पायथ्याचा, डोंगराळ भाग. रस्ते थोडे, एस.टी. मोजकी, आणि बाळंतपणासाठी घराबाहेर जाणे लोकांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. अशा ठिकाणी डॉक्टर नसलेल्या एका बाईने दोन खाटा मांडल्या, आणि त्यांतून मातृमंदिर ही संस्था वाढली. प्रसूतिगृहाचे रुग्णालय झाले. निराधार मुलांसाठी ‘गोकुळ’ उभे राहिले. पुढे शेती, शिक्षण आणि ग्रामविकासाची कामे त्याला जोडली गेली. सारा परिसर इंदिराबाईंना मावशी म्हणू लागला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मातृमंदिराला चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

मावशींच्या त्यागाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या कामाची रचना तितक्याच बारकाईने पाहण्यासारखी आहे. बाळंतपण करताना आईची उपासमार दिसते, टाकलेले मूल दिसते, नवऱ्याने सोडलेली बाई दिसते. नुसते प्रसूतिगृह चालवणारी नर्स या सगळ्यापुढे हतबल होऊन थकते. मूल सांभाळायला गोकुळ आहे, पोटापाण्यासाठी काही उद्योग आहे, बरोबर काम करणारी माणसे आहेत, अशी व्यवस्था भोवती असली की एका बाईच्या मनावरचा भार वाटला जातो. समाजकार्य हे रुग्णसेवेवर वरून लादलेले जादा काम न राहता रुग्णसेवेला तग धरायला मदत करते. संस्थेत राहणाऱ्या बायकांना आणि मुलांना घरही मिळते. मावशींना स्वतःचा संसार उरला नव्हता, आणि त्यांनी जे उभारले त्यात अनेकांना घर मिळाले. हे सगळ्यांना जमणारे नाही. मात्र सेवा देणारीला सोबत आणि आसरा लागतो, एवढे तरी सरकारी यंत्रणेला देवरुखकडून शिकता आले असते.

सरकारी यंत्रणेचा आराखडा भोर समितीने आखला. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस सुमारे ७,००० आणि प्रशिक्षित सुईणी सुमारे ५,००० होत्या. ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टरांबरोबर सार्वजनिक आरोग्य परिचारिका, सुईणी आणि प्रशिक्षित दाया असाव्यात, असे समितीने सुचवले. नर्सेसचे कामाचे तास, राहण्याच्या जागा आणि समाजातला दर्जा यांची दुरवस्थाही या अहवालात नोंदली आहे. १९५४ च्या शेट्टी समितीने आणि पुढे १९८७ मध्ये नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने त्याच तक्रारी पुन्हा मांडल्या. चाळीस वर्षांत तीन समित्यांना तेच लिहावे लागले, यावरून शिफारशींचे काय झाले ते स्पष्ट होते.

आराखड्यातली केंद्रे मात्र उभी राहिली. १९५२ नंतर सामूहिक विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण आरोग्याचा कारभार त्यांच्याकडे गेला. दक्षिणेकडचे तालुके वेगळे होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरले. उपकेंद्राची मुख्य कर्मचारी म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, एएनएम. गावच्या तोंडी ती नर्सबाई, पुढे सिस्टर. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहुउद्देशीय कर्मचारी झाली. बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवतापाचे रक्तनमुने, क्षयरोग्याच्या गोळ्या, पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर पडते की नाही याची पाहणी, आणि या साऱ्यांच्या नोंदवह्या तिच्याकडे आल्या.

लसीकरणाच्या एका दिवसावरून या कामाची कल्पना येते. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, म्हणून सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमधून ती काढून, बाजूंना बर्फाच्या पिशव्या लावलेल्या डब्यात भरतात. डबा खांद्याला अडकवून सिस्टर एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने फाट्यापर्यंत जाते. तिथून सडा चढून किंवा साकव ओलांडून वाडीवर, अंगणवाडीत नाहीतर एखाद्याच्या पडवीत सत्र भरते. एक बाळ आले नसेल तर त्याच्या घरी जायचे. आईचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहायचे, गोळ्या द्यायच्या, कार्डावर लिहायचे. उघडलेली कुपी ठरलेल्या वेळेत संपवायची आणि उरलेला साठा त्याच दिवशी केंद्रात परत करायचा. संध्याकाळी नोंदी पुऱ्या करायच्या. रात्री कुणाला कळा लागल्या तर उपकेंद्राचे दार वाजणार, कारण कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहायचे असा नियम. नवरा मुंबईला किंवा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला, मुले सासरी किंवा माहेरी शिकायला, आणि ती एकटी उपकेंद्राच्या खोलीत, अशी रचना अनेक घरांची झाली.

पावसाळ्यात ही ओढाताण टोकाला जाते. रोपे काढून लावणी करण्याचे दिवस आणि हगवण, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस यांचे दिवस एकच. चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला लेप्टोची बाधा होते, आणि त्याच्यासाठी गोळ्या घेऊन फिरणाऱ्या बाईच्या घरची लावणीही तेव्हाच खोळंबलेली असते. जांभ्याच्या सड्यावर फुरसे आणि कातळाच्या फटीत विंचू ही तर कोकणची जुनी भीती. विंचूदंशाने होणारे मृत्यू कसे थोपवावेत हे शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासूनच्या कामातून आणि प्राझोसिन या औषधाच्या वापरातून दाखवून दिले. त्यांच्या अनेक शोधनिबंधांत त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका आहेत. नवरा-बायको दोघेही एकाच गावी, एकाच कामात असणे हा खेड्यातल्या डॉक्टरांनी आपल्यापुरता शोधलेला मार्ग. नर्सबाईच्या नशिबी तशी सोय क्वचितच आली.

१९७० च्या दशकात उद्दिष्टांचे ओझे वाढले. आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या केसेस आणण्याचा तगादा देशभर होता, आणि तो संपल्यावरही टार्गेट हा शब्द एएनएमच्या आयुष्यातून गेला नाही. १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टे काढून टाकली. त्याआधीच्या दोन दशकांत ज्यांनी नोकरी केली त्यांना गावाचा विश्वास आणि कचेरीचा आकडा यांच्या कात्रीत काम करावे लागले. बाळंतपणाला हाक मारली की धावून येणारी आणि ऑपरेशनसाठी मागे लागणारी बाई एकच असल्यामुळे काही घरांची दारे तिच्यासाठी बंद झाली. हे नुकसान तिने स्वतः ओढवून घेतलेले नव्हते.

या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची कथा स्वतंत्र लेखाची आहे, पण तिचा एक धागा इथे लागतो. मार्गताम्हाण्याचे डॉ. तात्यासाहेब नातू यांनी दवाखान्याबरोबर शिक्षणसंस्था आणि राजकारणही सांभाळले आणि गुहागरचे आमदार म्हणून काम केले. सावर्डे-डेरवण इथे १९९० च्या दशकात वालावलकर रुग्णालय सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२३ उजाडले. तोवर खेड्यातल्या केंद्रावर डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहणे हे कोकणात नित्याचे होते, आणि डॉक्टर नसेल तेव्हा केंद्र नर्सबाईच्या जिवावर चाले. समाजकार्य करणाऱ्या डॉक्टरला समाजाने पुढारपण दिले. तेच काम करणाऱ्या नर्सबाईला ते अपवादानेच मिळाले, आणि इंदिराबाई हळबे हा त्यातला सर्वांत ठळक अपवाद.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणजे आशा आल्या. आशा त्याच गावची असावी, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, अशी अट घातली गेली, कारण अविवाहित मुलगी लग्न होऊन गाव सोडते. म्हणजे संसारी बाई ही या योजनेत पहिल्यापासून गृहीत होती. एका शतकानंतर आरोग्यसेवेने घर असलेल्या बाईला रीतसर बोलावले, पण कर्मचारी म्हणून नव्हे. आशा ही स्वयंसेविका. तिला पगार नाही, केलेल्या कामानुसार मोबदला. गरोदर बाईची नोंद, तपासण्या, दवाखान्यातले बाळंतपण, नवजात बाळाच्या घरभेटी, लसीकरण, क्षयरोग्याचा औषधोपचार अशा एकेका कामाचे दर ठरले. दिवसाचे थोडे तास काम अपेक्षित होते. प्रत्यक्षात कळा सुरू झालेल्या बाईबरोबर रुग्णवाहिकेत बसून जायचे आणि बाळंतपण होईपर्यंत थांबायचे, तर रात्र दवाखान्याच्या बाकावर जाते.

या कामाचे फळ आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ९०.३ आणि २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. अंधाऱ्या खोलीतले बाळंतपण एका पिढीत जवळजवळ संपले. सुईणीचा धंदाही त्याबरोबर संपला. तिची माया आणि सोबत मात्र आशाताईकडे आली. पहिलटकरणीचा हात धरून बसणारी ओळखीची बाई आजही लागते आणि आशा ते काम करते.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे या सेविकांची सत्त्वपरीक्षा होती. मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी गावी परतू लागले. शाळांत आणि घरांत त्यांचे विलगीकरण झाले, आणि कोण कुठून आले, कुणाला ताप आहे, याच्या याद्या आशांनी केल्या. आपल्याच भावकीतल्या माणसाला घरात शिरू नको असे सांगण्याचे अप्रिय काम त्यांच्याकडे आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली आणि तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणे सुरू झाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्या साऱ्या काळात संसर्ग घरी नेण्याची धास्ती रोजची होती. बाहेरच्या बाहेर अंघोळ करून मगच लेकराला जवळ घ्यायचे, हा अनेकींचा नेम झाला होता.

त्याच काळात आशांनी आपल्या मागण्या ठामपणे मांडल्या. १५ जून २०२१ पासून राज्यभर आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांचा संप झाला. आठवड्याभरात सरकारने आशांना महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप झाले, मुंबईच्या आझाद मैदानावर आशा ठाण मांडून बसल्या, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ झाली. सेवा करणाऱ्या बायकांनी काम थांबवावे का, अशी चर्चा त्या वेळी झाली. पोटाला पुरेल असा मोबदला, वेळेवर पैसे आणि आजारपणात आधार मागणे हे सेवाभावाच्या विरोधात जात नाही. या गोष्टी नसल्या तर सेवाभाव किती दिवस टिकणार, हा प्रश्न खरा.

या मागणीला जिल्ह्याच्याच मातीतली एक परंपरा आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार काही प्रमाणात सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कारखान्यातल्या स्त्रियांसाठी तो कायदा झाला, आणि १९६१ मध्ये केंद्राचा कायदा आला. सरकारी नोकरीतल्या एएनएमला आज पगारी प्रसूती रजा मिळते. दुसऱ्यांच्या बाळंतपणाची काळजी वाहणाऱ्या आशेला, ती कर्मचारी नसल्यामुळे, तसा हक्क नाही.

स्वतःची काळजी घ्या, असे सेविकांना प्रशिक्षणात आवर्जून सांगितले जाते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि ती सेविकांनाही खुली आहे. पण जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा अनुभव असा की, बाईची प्रकृती सल्ल्याने सुधारली नाही, व्यवस्थेने सुधारली. एका उपकेंद्रावर दुसरी एएनएम आली तेव्हा पहिलीला रजा घेता आली. साकवाच्या जागी पूल झाला तेव्हा रात्रीचा फेरा वाचला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावू लागली तेव्हा अडलेल्या बाईबरोबर वाहन शोधत फिरण्याचा ताण कमी झाला. जिथे आशा, अंगणवाडी सेविका आणि सिस्टर एकमेकींची कामे वाटून घेतात, तिथे तिघींचेही काम हलके होते.

मे २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमधल्या सेविकांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. त्यातले विम्याचे संरक्षण २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशा व अंगणवाडी सेविकांना आयुष्मान भारत योजनेत घेण्याची घोषणा झाली. किमान वेतन आणि कामगार म्हणून मान्यता या दोन शिफारशींचा अंमल अजून झालेला नाही.